दुकान, शेळ्या आणि कापडी पिशव्या यांची व्यवस्था

लिहून ठेवणार: मंजुळाबाई ग्यानबा पोले, वय एकाहत्तर, धंदा शेळीपालन, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली.

माझी तब्येत बेताची आहे, बुद्धी शाबूत आहे. कुणाचा दाब नाही, कुणी शिकवलेले नाही. माझ्यामागे लेकरांत वाद नको म्हणून हे सांगते आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर मुलगा शिवहार व सून शिवकन्या यांना निम्मे-निम्मे. नाव शिवकन्येचे आधी लिहावे.

२. चांदीच्या पाटल्या मुलगी रागिणी हिला. ती कुरुंद्याला दिली आहे. माहेरी येताना केळी, शेव, बुंदी, सगळे वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये आणते आणि ते सगळे पुन्हा एका मोठ्या प्लास्टिकमध्ये. पाटल्या तिला कापडात बांधून द्याव्यात.

३. शेळ्या व शिलाई मशीन शिवकन्येला. याचे कारण नोंदवते.

आमच्या दुभत्या हरणी शेळीने एकदा चारा सोडला, पोट फुगले आणि ती मेली. गुरांचे डॉक्टर किसनसिंग यांनी पोट फाडले, तर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला, भिजल्या पोत्यासारखा जड. शिवहारचे किराणा दुकान घराला लागूनच आहे. तो द्यायचा त्या गुलाबी पिशव्या गोळ्यात होत्या. त्याची लेक दिपा हरणीच्या दुधावर वाढलेली. तो बघून आत निघून गेला.

मग मी जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून दुकानाच्या पायरीवर बसू लागले. फुकट न्या, पुढच्या बाजाराला परत आणा, एवढेच सांगायचे. शिवहारला ते लागले. गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, असे त्याचे म्हणणे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "माय, तू माझा धंदा बुडवून राहिलीस."

मी म्हणाले, "हरणी काहून मेली, ते तूच गिऱ्हाईकाला सांग. मग मी उठते."

पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. शिवकन्या मात्र दुपारची कामे आटोपून माझ्यासोबत मशीनवर बसायची. नवऱ्याचा राग तिने निमूट सोसला, हे मला माहीत आहे.

४. गावात गेलेल्या पिशव्या ज्यांच्या घरी असतील त्यांच्याच. मागत फिरू नये.

५. माझ्या तेराव्याचे जेवण पळसाच्या पत्रावळीवर वाढावे. पाण्याच्या बाटल्या आणू नयेत. पेले कमी पडले तर लोकांनी ओंजळीने प्यावे.

६. दुकानाची जागा माझ्या नावे आहे. शिवहारने बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या पुन्हा ठेवल्या तर जागा रागिणीची, अशी अट मी वकिलांकडून याच कागदावर लिहून घेतली होती.

परवा मी तापाने खाटेवर होते. खिडकीतून दुकान दिसत होते, बोलणेही ऐकू येत होते. पायरी रिकामी, कापडी पिशव्या संपलेल्या. हळद काढायला आलेला एक परगावचा मजूर डाळ घ्यायला आला. त्याने पिशवी मागितली. समोरच्या दुकानात मिळते, असेही म्हणाला. शिवहारने त्याला थांबवले आणि हरणीची सगळी हकिगत सांगितली, गुलाबी पिशव्यांसकट. मग खांद्यावरचा रुमाल झटकून डाळ त्यात बांधली. "रुमाल बाजाराच्या दिवशी आणून द्या," म्हणाला.

मी झोपले आहे असे त्याला वाटत होते.

तरी वरील अट मी खोडली असून खोडल्या जागी सही केली आहे. दुकानाची जागा शिवहारला, बिनशर्त.

वाचून दाखवले, बराबर आहे.

सही: मंजुळाबाई ग्यानबा पोले
साक्षीदार: १. किसनसिंग ठाकूर, गुरांचे डॉक्टर. २. संतराम मस्के, शेजारी.
ठिकाण: डोंगरकडा. दिनांक: २४ फेब्रुवारी २०२५