मगदूमांची पन्नास जीबी

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५. सकाळी १०.४०
आउटलुक बंद पडलं. म्हणजे उघडतंय, पण नवीन मेल आत घेत नाही. फाईल भरली म्हणून सूचना येते.

पूर्णिमा मॅडमना बोलावलं. आमच्या ओतकामाच्या फौंड्रीतलं कॉम्प्युटरचं सगळं त्याच बघतात. त्यांनी फाईलचा आकार काढून बघितला. पन्नास जीबी. म्हणाल्या, मगदूम सर, एकोणीस वर्षांत तुम्ही एकपण मेल काढून टाकला नाही? मी म्हटलं, एकपण नाही. आधी वाटलं, कौतुकानं विचारतायत.

लोकांना कळत नाही. गिऱ्हाइकांचा प्रत्येक मेल आधी माझ्याकडं येतो, मग मी तो ज्या त्या खात्याला पाठवतो. गिऱ्हाईक काय बोललं, कधी बोललं, सीसीत कोण होतं, सगळं माझ्याकडं आहे. सबंध शिरोली एमआयडीसीत एवढं रेकॉर्ड कुणाकडं नसेल.

मॅडम म्हणाल्या, जुनी वर्षं वेगळ्या फाईलमध्ये टाकते, दुपारपर्यंत होईल. मी नको म्हटलं. काय महत्त्वाचं, काय नाही, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? तोवर नवीन मेल एका कोऱ्या फाईलमध्ये यायची सोय त्यांनी करून दिली. तेवढं ठीक.

संकल्प: रोज सकाळी पहिला तास सफाई. रोज पाचशे मेल. एकूण मेल दोन लाख अकरा हजार, म्हणजे चारशे बावीस दिवस. यात सुट्ट्या धरलेल्या नाहीत. पण सुरुवात झाली की निम्मं काम झालंच.

बुधवार, ५ नोव्हेंबर
२००६ पासून सुरुवात केली. उद्या कॅंटीन बंद, डबा आणावा, असा एक मेल. काढणार होतो. पण पाठवणारे साहेब आता हयात नाहीत. ठेवला. मग एका गिऱ्हाइकाचं भांडण लागलं, ते वाचत बसलो. माझी उत्तरं फार मुद्देसूद होती. आता असं इंग्रजी कोण लिहितो?

तासाभरात वाचले त्रेसष्ट, काढले दोन. संध्याकाळी त्यातला एक परत घेतला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आज मन घट्ट केलं. जाहिराती, शुभेच्छा, वेबिनारची आमंत्रणं, डोळे झाकून आठशे काढले. हलकं वाटलं. आकार बघितला. पन्नास जीबी.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, सर, काढलेले मेल डिलिटेड आयटम्समध्ये जातात, ते पण याच फाईलमध्ये असतं. हॉलमधला कचरा उचलून बेडरूममध्ये ठेवलाय तुम्ही. ते रिकामं केलं तरी फाईल आपोआप आक्रसत नाही, कॉम्पॅक्ट करावी लागते, आणि त्याला फार वेळ लागतो. शनिवारी मी बसून करते, तुम्ही हात लावू नका.

शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? बटण कुठं असतं ते मोबाईलवर बघितलं. निघताना दाबून आलो. उद्या सकाळी काम झालेलं असेल. मॅडमना सरप्राइज.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ९.१५
अजून चालूच आहे. हिरवी पट्टी हलत नाही. मला तातडीनं गेटपास प्रिंट करायचा होता. पॉवरचं बटण दाबून धरलं.

९.४०
फाईल उघडत नाही.

दुपारी ३.००
नको त्या दिवशी नको ते. पुण्याच्या पंपवाल्या गिऱ्हाइकाचा ट्रक परत आला. तीनशे चाळीस कास्टिंग, सगळी रिजेक्ट. फ्लँज, म्हणजे पाइप जोडायची कड, बावीस मिलिमीटर जाड पाहिजे होता, आपण अठराचा दिला. ते म्हणतात, बदललेलं ड्रॉइंग १२ ऑगस्टलाच मगदूमांना मेल केलं होतं. खरं आहे. मिळालं म्हणून मी उत्तरही दिलं होतं.

आमचे मालक धैर्यशील सर, त्यांनी मला आणि उदयसिंह घोरपड्यांना केबिनमध्ये बोलावलं. उदयसिंह पॅटर्न शॉपचे फोरमन. ज्या लाकडी नमुन्यावरून साचा होतो तो पॅटर्न त्यांच्या हातचा असतो. सत्तावीस वर्षं झाली. ते एवढंच म्हणाले, सर, माझ्यापत्तोर कागद आलाच न्हाय. आला असता तर पॅटर्न बदलाय मला दोन दिस लागत न्हाईत.

मी शांतपणे सांगितलं, सर, त्याच दिवशी फॉरवर्ड केलाय. मला वाक्यन् वाक्य आठवतंय.

सर म्हणाले, दाखवा.

मी म्हटलं, सर, फाईलचा थोडा प्रॉब्लेम आहे. पॅटर्न शॉपच्या कॉम्प्युटरवर असेल. मॅडमनी बघितलं, तिथं नव्हता. पण ते लोक प्रिंट काढून मेल रोज पुसतात, त्यामुळं तो पुरावा होत नाही, हे मी निदर्शनास आणून दिलं. सर्व्हरवर मेल चौदा दिवसच राहतात. म्हणजे माझी फाईल हा एकच पुरावा. सगळं जपून ठेवावं असं मी म्हणतो ते याच्यासाठी.

उदयसिंह माझ्याकडं बघत होते.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मॅडमनी फाईल दुरुस्तीला लावली. म्हणाल्या, एवढी मोठी आहे, तीन-चार दिवस धरा. बटण कुणी दाबलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

घरी अनुजाला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता म्हणाली, अहो, पण तुम्ही पाठवला होता ना नक्की?

बायकोनं असं विचारावं? एकोणीस वर्षांत माझ्याकडून एक कागद इकडचा तिकडं झालेला नाही. रागानं जेवलो नाही. नंतर जेवलो.

सोमवार, १० नोव्हेंबर
फाईल अजून दुरुस्त होतेय. गिऱ्हाईक सरांच्या मागं लागलंय, कुणावर काय कारवाई केली ते लेखी द्या. सर थांबले नाहीत. चौकशी होईपर्यंत उदयसिंहांना पॅटर्न शॉपमधून काढून फेटलिंगला घातलं. तिथं दिवसभर ग्राइंडर घेऊन कास्टिंगची खरड काढायची. धूळ, ठिणग्या. वय सत्तावन्न.

हे जरा घाईचं झालं, असं सरांना सांगणार होतो. ते फोनवर होते.

कॅंटीनमध्ये आज माझ्यासाठी बिनकांद्याची भाजी नव्हती. आचाऱ्याला विचारलं. म्हणाला, ते घोरपडेदादा रोज सकाळी सांगत्यात की, मगदूमसाहेबांचं येगळं काढ म्हणून. आज कोण सांगितलंच न्हाय.

मला वाटायचं, आचाऱ्याच्याच लक्षात राहतं. दही-चपाती खाल्ली. उदयसिंह पलीकडच्या टेबलावर होते. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. मेल सापडला की त्यांना बाजूला घेऊन समजावून सांगायचं, की चूक कुणाकडूनही होते. मोठ्या मनानं.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी २.३०
फाईल उघडली. सगळं जिथल्या तिथं. मॅडम मागं उभ्या होत्या. म्हटलं, बघा आता.

सेंट आयटम्स, १२ ऑगस्ट. नाही. १३. नाही. १४, १५, पूर्ण आठवडा. नाही. मी म्हटलं, दुरुस्तीत गेला वाटतं. मॅडम म्हणाल्या, सर, दुरुस्तीच्या आधी आणि नंतर आकडे जुळतात, एकही गेलेला नाही. ड्राफ्टमध्ये बघा.

ड्राफ्टमध्ये कशाला असेल?

ड्राफ्टमध्ये अकराशे चाळीस मेल होते. १२ ऑगस्ट, संध्याकाळी ५.२०. प्रति पॅटर्न शॉप. विषय: अतितातडीचे. चार परिच्छेद. भाषा खरोखर चांगली आहे. सोबत नवीन ड्रॉइंग. आणि उद्या कुणी मला माहीत नव्हतं म्हणू नये, म्हणून या पंपाबद्दलचा २०१४ पासूनचा सगळा पत्रव्यवहार जोडलेला. सव्वीस मेल. एकूण अडतीस एमबी.

आमच्याकडून पंचवीस एमबीच्या वरचा मेल जात नाही. त्या दिवशी तशी सूचना आली होती. आत्ता आठवलं. उद्या कमी करून पाठवू म्हणून ठेवला होता.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, मी चहा घेऊन येते. परत आल्या नाहीत.

३.१५
मेल समोर उघडा आहे. डिलिटचं बटण बोटाखाली. एकोणीस वर्षांत मनापासून काढावासा वाटलेला हा पहिला मेल.

काढला नाही. तत्त्व म्हणून. मॅडमनी बघितलाय, हेही आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
आज सरांना सांगायचं ठरवलं होतं. सर दिवसभर पुण्याला. फोनवर सांगण्यासारखा विषय नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
सर होते, पण मूड बरा दिसला नाही. आणि नीट विचार केला तर तांत्रिकदृष्ट्या मेल सर्व्हरनं अडवला. मी लिहिला होता. लिहिण्यात कसूर नाही. उदयसिंहांचीही चूक नाही, माझीही नाही, असा समतोल अहवाल करून सोमवारी द्यावा. दीड पान झालं. सरांनी जाता जाता विचारलं, सापडलं का? मी म्हटलं, शेवटच्या टप्प्यात आहे.

फेटलिंगवरून जायचं टाळलं. गोडाऊनच्या मागून गेलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर
उदयसिंहांनी राजीनामा दिला.

दुपारी सुट्टी व्हायच्या आत निघाले. पटाशा, रंधे, मोजमापाची पट्टी, सगळी हत्यारं त्यांची स्वतःची होती. ती पोत्यात बांधून स्कूटरला लावली. पॅटर्न शॉपची माणसं गेटपर्यंत गेली. मी खिडकीत होतो. हात वर करावा असं वाटलं. पण त्यांनी वर बघितलं नाही.

अहवाल फाडला. मग परत चिकटवायला बसलो. मग खरंच फाडला.

रविवार, १६ नोव्हेंबर
अनुजाला बुधवारचं सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. म्हणाली, मग इथं काय करताय?

स्कूटर काढली. उदयसिंहांचं घर हातकणंगल्याला. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक. पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला. रस्ताभर वाक्यं तयार केली.

दारात त्यांची थोरली बहीण, आक्का. शेंगा फोडत बसलेल्या. म्हणाल्या, बसा पावणं, उदयसिंह रानात गेलाय, यील आत्ता. नाव सांगितलं तर म्हणाल्या, व्हय व्हय, मगदूमसाहेब. बिनकांद्याचे.

बसलो. पाणी प्यालो. तयार वाक्यं एकही आठवलं नाही. नुसतं म्हटलं, आक्का, तो मेल मी पाठवलाच नव्हता.

त्या शेंगा फोडतच होत्या. म्हणाल्या, ते म्हाईत हाय की. त्यानं पहिल्याच दिशी सांगितलतं. म्हणला, मगदूमांनी लिवलं असणार, पर धाडलं नसणार.

मी विचारलं, मग सरांना का नाही सांगितलं?

म्हणाल्या, मी बी तेच इचारलं. तर म्हणला, आक्का, माझ्या हातात कसब हाय, मला कुठंबी भाकरी मिळंल. त्या माणसाकडं निस्ता त्यो कॉम्प्युटर हाय.

त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. खाल्ले. काय करणार होतो?

उदयसिंह आले. पाय चिखलानं भरलेले. मला बघून थांबले, मग हौदावर पाय धुवायला गेले. परत आल्यावर मी सगळं सांगितलं. ड्राफ्ट, अडतीस एमबी, सव्वीस मेल. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, सायबांना सांगितलं?

मी म्हटलं, उद्या.

ते हसले. उद्या, म्हणाले. आणि आक्कांना चहा टाकायला सांगितला.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी ९.०५
सर गाडीतून उतरत होते तिथंच गाठलं. केबिनपर्यंत थांबलो नाही. थांबलो असतो तर राहिलं असतं. उभ्या उभ्या सांगितलं.

सर म्हणाले, मगदूम, हे तुम्हाला कळलं कधी? मी म्हटलं, बुधवारी. त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. म्हणाले, बुधवारी सांगितलं असतं तर माणूस राहिला असता.



मंगळवार, १८ नोव्हेंबर
सरांनी स्वतः उदयसिंहांना फोन केला. दोनदा. ते नको म्हणाले. हातकणंगल्यातच एका लहान फौंड्रीत लागलेत. घरापासून चालत दहा मिनिटं. दुपारी घरी जेवायला जातात म्हणे.

माझी नोकरी आहे. मेमो मिळाला. मेमोत सर्व्हरचा उल्लेख नाही.

मॅडमनी पन्नास जीबी आणि त्यानंतरचे मेल कपाटातल्या डिस्कवर काढून ठेवले. म्हणाल्या, लागलं तर मागा. सही करून घेतली.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी ११.००
कालपासून नवीन पद्धत. गिऱ्हाइकांचे मेल थेट पॅटर्न शॉपला, डिझाइनला आणि डिस्पॅचला जातात. मध्ये कुणी नाही. सर मीटिंगमध्ये म्हणाले, वेळ वाचेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझ्याकडं काय राहिलं, हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

फाईलचा आकार: दोन एमबी. एवढी स्वच्छ फाईल कंपनीत दुसऱ्या कुणाची नसेल.

११.२०
सेंड-रिसीव्ह दाबून बघितलं. काही नाही.

११.३५
परत दाबलं. काही नाही. लाइन बंद पडली असेल म्हणून मॅडमना फोन केला. म्हणाल्या, थांबा, बघते.

११.४०
एक मेल आला. मॅडमचा. टेस्ट मेल, उत्तराची गरज नाही.

उत्तर लिहिलं. तीन ओळी. लगेच पाठवलं.