बारावा फोटो

बाई,

आपल्या पनवेलच्या वाचनालयाने गावातल्या लेखकांचे फोटो भिंतीवर लावायचे ठरवले. अकरा पुरुष चहा यायच्या आत ठरले. मग कुणीतरी म्हणालं, एक तरी लेखिका हवी, नाहीतर बरं दिसत नाही. समितीत स्त्री मी एकटीच. मी तुमचं नाव घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "त्या तर शाळेत शिकवायच्या ना? लिहायच्या पण?" मी म्हणाले, दोन कथासंग्रह आहेत. ते हसले, अगदी सज्जनपणे. "मॅडम, तुम्हीही लिहिता, मग तुमचाच लावू की. तुम्ही निदान समारंभाला स्टेजवर बसाल." मला राग यायला हवा होता. आला नाही. चहा आला, तो प्यायले.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. पिठाच्या डब्यावर वही ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत तुम्ही लिहायचात. मी दहावीत आहे, स्नेहसंमेलनात आभार मानून टाळ्या घेऊन आले आहे, आणि तुम्ही कौतुक कराल म्हणून दारात उभी आहे. तुम्ही वर न बघता म्हणता, "पुन्हा आभार मानायला उभी राहू नकोस. मी इतकी वर्षं मानतेय. ते जमतं म्हटलं की आणखी काय जमतं, कुणी विचारत नाही." मला ते फार लागलं होतं. वाचनालयाच्या प्रत्येक कार्यक्रमात आभार तुमच्याकडेच असायचे. तुम्ही उभ्या राहिलात की खुर्च्या सरकायच्या, लोक बटाटेवड्याकडे वळायचे, आणि तुम्ही मंडपवाल्यापर्यंतची यादी शांतपणे संपवायचात.

परवा समारंभ झाला. मी उलव्याहून लवकर आले होते. तुमच्या कथेतल्या मासळीवाल्या मावशी रिकामी पाटी घेऊन दाराशी थांबल्या होत्या. आता खूप थकल्यात.

"आमच्या बाईंचा फोटू नाय लावला?"

"नाही, मावशी."

"माज्यावर लिवलेलं त्यांनी मला बाजारात बसून वाचून दावलं होतं. सगला बाजार ऐकत होता." मग त्यांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ह्यो तुजा हाय ना?"

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पाटी काखेत घेतली आणि त्या निघाल्या.

शेवटी अध्यक्षांनी माइक माझ्याकडे सरकवला. "आभार मॅडमच मानतील." मी उठले आणि मानले. तुमचं नाव घेतलं, मंडपवाल्याच्या आधी. माझ्या शिक्षिका, असं म्हणाले. लेखिका म्हणायला कुणी अडवलं नव्हतं. खुर्च्या सरकत होत्या. मला काहीच वाटलं नाही, आणि तेवढ्याचंच वाईट वाटतंय.

हे पत्र कुठे टाकायचं, ते माहीत नाही. ते तुमच्या पुस्तकात घडी घालून ठेवीन. एक मात्र सांगते. त्या बैठकीला गेले तेव्हाच माझा फोटो माझ्या पर्समध्ये होता. तुमचा मी शोधलासुद्धा नव्हता.