पावशेराची चिलापी

१२ जानेवारी, रविवार
सकाळी सातला धरणावर. पाणी बरंच मागे गेलंय, चिखल तुडवत जावं लागलं. सलीमभाई आधीच येऊन बसलेले, कणीक मळून तयार. टेलर माणूस, गळाला लावायचे गोळेसुद्धा मापाने करतो.
मला एक रोहू, सव्वा किलो, ओढ ५. दोन चिलाप्या. त्यातली एक जेमतेम पावशेराची, पण ओढ ८! वीस वर्षांत चिलापीला सहाच्या वर कधी दिले नव्हते. वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त कोण झुंजतं, हा आमचा वाद अजून चालूच. मी मरळवाला, ते खडसवाले. चिलापीला कुणी विचारतही नव्हतं.
गुण ऐकून सलीमभाई गप्प. आमचा नेमच आहे. ज्याच्या हातात काठी, दहापैकी गुण त्यानेच द्यायचे, दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. ओढ हाताला कळते, बघणाऱ्याला काय कळणार.

२६ जानेवारी, रविवार
पुन्हा तेच. तळहाताएवढ्या चिलापीने घाम काढला. ९.
सलीमभाईंना म्हटलं, "यंदा चिलापीला लई जोर हाय. थंड पाण्याचा गुण असंल."
"आसंल," म्हणाले. एवढंच. माझ्या हाताकडे बघत होते. खडस मागे पडतेय म्हणून तोंड उतरलं असणार. खुशीत घरी आलो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानात पाच एचपीची मोटर वाइंडिंगला. तांब्याची तार दोनदा बोटांतून सुटली. थंडी.
जेवताना सुमनने लोणच्याची बरणी पुढे केली. झाकण निघेना. तिने घेतली, एका झटक्यात उघडली. "अहो, मी तर सैलच लावलं होतं." मी हसलो. ती नाही हसली.

१६ फेब्रुवारी, रविवार
अर्ध्या किलोची मरळ. गवतात घुसली. शेवटी दोन्ही हात लावले. ओढ १०. मग रोहू, १०. चिलापी, १०. आणि मृगळ, जो कायम ओल्या पोत्यासारखा निमूट येतो, तो ९.
वहीत एकाखाली एक चार ओळी लिहिल्या आणि पेन थांबलं. एकाच दिवशी सगळेच पैलवान कसे झाले?
सलीमभाईंना विचारलं, "तुमच्या चिलापीला किती दिले आज?"
"पाच." मग गळ आवरता आवरता, "न्हेमीसारखीच हाय, नाना."
परत येताना त्यांच्या गाडीवर मागे बसलो होतो. राहुरी येईपर्यंत उजव्या हाताची मूठ मिटून-उघडून बघत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
नगरला, नसांच्या डॉक्टरकडे. सुया टोचून करंट देऊन बघतात. आयुष्यभर मोटरींना करंट दिला, आज मला. अंगठ्याच्या बुडाचं मांस झिजलंय म्हणे. रोज याच हाताने जेवतो. दिसलं नाही. पुण्याला जा म्हणाले.

१० मार्च, सोमवार
पुण्याहून आलो. आजाराचं नाव तीन इंग्रजी अक्षरांचं. औषध आहे, पण बरं होण्याचं नाही. आधी हात, मग पाय, मग... डॉक्टर थांबले. सुमनने विचारलं, "मग?" त्यांनी सांगितलं. गिळणं, श्वास.
एसटीत ती सगळा वेळ बाहेर बघत होती. मला नुसता राग येत होता. स्वतःचाच. हात जात होता आणि मी माशांचं कौतुक लिहीत होतो. शाबासकी देत होतो चिलापीला.

१६ मार्च, रविवार
धरणावर गेलो नाही. सलीमभाईच घरी आले. सुमनने पाणी पुढे केलं, मग रोजे चालू आहेत हे आठवून जीभ चावली.
बराच वेळ टोपी चाचपत बसले. मग म्हणाले, "दिवाळीपासून दिसत हुतं मला, नाना. गळाला दोरा बांधताना तुमची बोटं नीट चालत न्हवती. बोललो न्हाई."
"का?"
"नेम हुता ना आपला. हाताचं हातालाच कळतं म्हनून. मला वाटलं, तुमाला कळत आसंल."
रडले. साठीचा माणूस, रडताना बघवत नव्हता. लवकर कळूनही फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते, तेच त्यांना सांगितलं. तरी आतून राग आहे. माझ्या वहीत मी खोटं कशाला लिहू.

२३ मार्च, रविवार
जुन्या वह्या काढून बसलो. हात खरा कधीपर्यंत होता, ते शोधत.
दोन वर्षांपूर्वीची मरळ, पाऊण किलो, ओढ १०. तोवरच्या सगळ्या वर्षांत मी दिलेले एकुलते दहा. वादात हाच माझा हुकमाचा पत्ता. त्या दिवशी हात धड होता का? की तेव्हाच सुरुवात झाली होती? डॉक्टरला विचारलं तर तो कसा सांगणार. मरळीला विचारायची सोय नाही.
आता एकाही आकड्यावर विश्वास बसत नाही. वाद हरलो असतो तर परवडलं असतं.
दुकानाची किल्ली आज भाच्याला दिली.

६ एप्रिल, रविवार
ईद होऊन गेली. सलीमभाई न्यायला आले. सुमनही आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काठी डाव्या हातात, उजव्याचा नुसता टेकू.
नऊच्या सुमारास ओढ आली आणि काठी गेली. झटका नाही, झुंज नाही, हातातून सरळ गेली. पाण्यावरून लांबपर्यंत सरकत गेली, मग दिसेनाशी झाली. मासा वर आलाच नाही.
सुमनने सलीमभाईंना विचारलं, "केवढा होता हो?"
"लई मोठा, वैनी. खडस. पाच किलोची तरी."
"तुमी पाह्यली?" मी म्हटलं.
वीस वर्षांत हा माणूस माशाबद्दल खोटं बोललेला नाही. खाली बघून म्हणाला, "न्हाई."
कळायला हवं होतं मलाच. काठी माझ्या हातात होती. पावशेर होता की पाच किलो, हाताला काहीच कळलं नाही.
आता पेनही धरवत नाही. हे मी सांगतोय आणि सुमन लिहितेय. मासा कुठला, वजन किती, ओढ किती, असं ओळीने विचारतेय. मासा आणि वजन सोडून दे म्हटलं. ओढीपुढे काय लिहू, म्हणते.
थांब जरा, म्हटलंय.