उलट्या जिराफांची गोधडी

तीर्थरूप अक्का,

गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा कमरेतून वाकता येईल तेवढा नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? (फोनवर ‘बरी आहे’ म्हणालीस खरी, पण तेवढं म्हणतानाही मधेच खोकलीस.) भावोजींना माझी आठवण सांग. इकडे सगळे मजेत आहेत. जिराफ सोडून.

नातीच्या गोधडीसाठी तू दिलेलं जिराफांचं कापड आठवतंय ना? सगळे पाय खाली, माना वर करून शाळेच्या रांगेत उभे. तू बजावलं होतंस, की छपाई एकाच दिशेची आहे, साधे चौकोन काप, फार डोकं चालवू नकोस. पण मी पडलो जन्मभर नकाशे काढलेला माणूस. वर काय आणि खाली काय, हे मला कोणी शिकवावं? मी भिंगरीचा नमुना निवडला. म्हणजे चौकोन तिरके कापून त्रिकोण करायचे आणि ते चारी दिशांना फिरवून जोडायचे. कागदावर भिंगरी इतकी झकास दिसली की मी स्वतःचीच पाठ थोपटली. (कागदावर जिराफ नव्हते.)

पहिली भिंगरी शिवून पलंगावर पसरली, तर एक जिराफ उभा, एक आडवा, एक डोक्यावर आणि चौथ्याची मान शिवणीत गडप. नात पलंगावर वाकून म्हणाली, “आजोबा, यांना बरं नाहीये का?” तुझी भावजय स्वयंपाकघरात गेली. हसायलाच गेली, मला ऐकू येत होतं.

मुकाट्याने सगळं उसवलं आणि उभ्या पट्ट्यांचा नमुना घेतला. जिराफांची पट्टी, मग साधी पिवळी, पुन्हा जिराफ. आता कोणाच्या मानेला धक्का नाही. पण लगेच नवा वाद निघाला, की माना कुठल्या बाजूला ठेवायच्या? मी म्हणालो, उशीकडे, म्हणजे दारातून येणाऱ्याला ते सरळ दिसतील. तुझी भावजय म्हणाली, पांघरणार पोरगी आहे, दार नव्हे, आणि झोपल्या जागेवरून तिला सगळे उलटे दिसतील. यावरून आमचा चांगला अबोला झाला. शेवटी नातीनेच सांगितलं, की गोधडी फिरवून घेता येते.

आता घोडं अडलंय कापडापाशी. त्रिकोणांनी बरंच खाल्लं. इकडे मुलाने नातीची नवी खोली रंगवून तयार ठेवलीय आणि ‘गोधडी झाली की मी तिकडे एकटी झोपणार’ असं तिने घरभर जाहीर केलंय. मुलगा रोज विचारतो, बाबा, कुठवर आलं? मी रोज भिंगरीवर खापर फोडतो.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : तुझ्या खिडकीचा पडदा याच कापडाचा आहे, त्यातलं उरलेलं तुझ्या कपाटात असणार. तेवढं पाठव.

आणखी एक ता. क. : आत्ता पट्ट्या पुन्हा जमिनीवर मांडून पाहिल्या. कापड पुरतंय. पण अक्का, ती अजून आमच्या दोघांच्या मधे झोपते आणि झोपेत पाय माझ्या पोटावर टाकते. ती तिकडे गेली की मला करमायचं नाही. तेव्हा मुलाचा फोन आलाच, तर कापड शोधतेय म्हणून सांग. आणि एवढ्या खोकल्यात कपाट उपसायचं म्हणजे वेळ लागणारच, हेही सांग.