तिकोनी ठिगळ

सूनबाईस सासूचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. म्हातारी एकटीच सायकल मारत निघालेली बघून गावोगावी लोक हसतात. हसू देत.

काल माळावर पंक्चर झालं. दुकानदाराने ट्यूबला तिकोनी ठिगळ लावलं. सगळे गोल कापतात, तिकोनी फक्त तुझा नवरा कापायचा. विचारलं, "हे कुणी शिकवलं रे?"

"इथे एक उस्ताद होता, आजी. गोल कापलं की शिव्या द्यायचा. थंडीत तापाने गेला."

शिव्यांवरून पटलं, आपलाच तो. शोध संपला, पोरी. जागा बघून आले. झाडाखाली आहे, स्वच्छ आहे.

नातीचा खोकला गेला का? तिला मी आल्यावर सांगेन. तू रडून घे, पण जेव. त्याच्यासाठी रात्री दाराची कडी काढून ठेवतेस, ती आता लावत जा.

तुझी खाष्ट सासू