ओलाव्याचा रकाना

५ नोव्हेंबर
धानाच्या नोंदीसाठी मी बनवलेली नवी स्क्रीन आजपासून गेटवर. महिनाभर ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्यांना वापरायची त्या बिसेनकाकांनाच दाखवायची राहिली. बावीस वर्षं आमच्या राइस मिलच्या गेटवर धानाची नोंद करणारा माणूस. डावा हात गाडीतल्या धानात, उजवा कीबोर्डवर, जुन्या प्रोग्रामला नुसतं एंटर, एंटर. माझ्या स्क्रीनला माऊस लागतो.
"बाई, मी धान पाहू का तुहा बाण पाहू?"


८ नोव्हें.
दिवसभर गेटवर उभी. काका आधी दाणा दाताखाली धरतात. कट् वाजला तर वाळलेला, चपटला तर ओला. मग मशीनवर ओलावा मोजायचा आणि तो आकडा रकान्यात. दात आणि मशीन यांचं बहुधा जुळतंच. ओलं धान आत घेतलं तर थप्पीत तापून नासतं, म्हणाले. मला इतके दिवस ओलावा म्हणजे नुसता एक रकाना वाटत होता.
स्क्रीन कुठे अडते ते कळावं म्हणून प्रत्येक नोंदीला लागलेला वेळ आपोआप साठवायची सोय केली. कुठून सुचलं हे शहाणपण!

१४ नोव्हें.
मीटिंग. वेळेचा तक्ता दाखवला, म्हटलं स्क्रीन बदलू या. मॅनेजरसाहेब तक्ता बघून म्हणाले, "मतलब बिसेन एका गाडीला चार मिनिटं लावतो."
"सर, काका नाही, स्क्रीन लावते."
"स्क्रीनला मी कामावर नाही ठेवलं." वेळेशेजारी नोंद करणाऱ्याचं नाव जोडायला सांगितलं.
जोडलं. नाही म्हणता आलं नाही. भित्री आहे मी, दुसरं काय.

१९ नोव्हें.
महिनाअखेर वेळ दीड मिनिटाच्या आत आली नाही तर काकांना भुशाच्या शेडमध्ये पाठवणार. त्यांना दमा आहे, सगळ्या मिलला ठाऊक. तिथे ते चार दिवस तग धरणार नाहीत. साहेबांना सांगून पाहिलं. "तो फिर जल्दी करे."
काका एवढंच म्हणाले, "तो तक्ता तूनंच बनवला म्हणतात. खरं हाय का?"
हो म्हटलं. कुडव्याला घरी पोचेपर्यंत स्कूटीवर रडत आले.

२१ नोव्हें.
स्क्रीन पुन्हा केली. माऊस काढला, सगळं एंटरवर. तारीख, धानाची जात आधीच भरलेली. ओलावाही: १४. बहुतेक गाड्यांना तेवढाच येतो, वेगळा आला तर काका बदलतील. या वेळी आधी त्यांनाच दाखवली.
"आता जमून राहिलं, बाई." किती दिवसांनी हसले.

२७ नोव्हें.
वेळ चाळीस सेकंद! हवेतच होते दिवसभर.
संध्याकाळी सहज नोंदी चाळल्या. ओलावा १४, १४, १४. स्क्रीन बदलल्यापासून एकही वेगळा आकडा नाही. आणि या गाड्या येतात त्या तिरोड्याकडच्या कापलेल्या धानावर याच आठवड्यात अवकाळी पडून गेलाय.

२८ नोव्हें.
गेटवर गेले. मशीनवर कव्हर. काका गाडीजवळ गेलेच नाहीत, खुर्चीवरूनच एंटर.
"काका, मोजत का नाही?"
"मोजाले टाइम लागते. अन् टाइम तू लिहून राहिली." मग हळूच, "चौदा तूनंच लिहून ठेवलं, बाई. मी कायले खोडू?"

३० नोव्हें.
काका गेटवरच राहणार, साहेबांनी जाहीर केलं. मलाही शाबासकी. मागच्या गेटवरही हीच स्क्रीन लावा म्हणाले.
दुपारी गोदामात गेले. चौथ्या थप्पीत पोत्यांच्या मधे हात घातला, गरम. एक दाणा काढून चावला. वाजला नाही.
धान नासलं की नोंद कोणाची ते बघतील. नाव आहे तिथे, मीच जोडलेलं. आज सांगितलं तर काका आज शेडमध्ये, गप्प राहिले तर महिन्याभराने. १४ पुसून रकाना रिकामा केला तर मोजावं लागेल, आणि वेळ परत दीड मिनिटाच्या वर…
स्क्रीनची फाइल उघडून बसलेय. खिडकीतून गेट दिसतं. काकांनी हात केला. मीही केला.