यमुनामावशीचं दुसरं फुलपात्र

धार,
गुरुवार, दि. २० मार्च १९५२

तीर्थरूप तात्यांस,

सुमंगलाचा नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, तेव्हा एका हाताचाच नमस्कार पाठवते. गोड मानून घ्यावा. माईआत्या बरी आहे. तुमच्या तब्येतीची काळजी करते आणि तुमच्यावर रागावलेलीही असते, दोन्ही एकाच वेळी.

संक्रांतीच्या चौकशीचे साहेब आज सकाळी येऊन गेले. तुमचा प्रचार सांभाळला तसं हेही सांभाळायला आलेले भैयासाहेब दुपारच्या मोटारीने देवासला निघालेत. म्हणजे या पत्राच्या आधी ते तुमच्यापुढे उभे राहतील आणि काय झालं ते त्यांच्या पद्धतीने सांगतील. माझ्या पद्धतीने मी खाली लिहिते. एकदम लिहायला धीर होत नाही, म्हणून आधी इकडची हकीकत.

रंगपंचमीला गल्लीतल्या पोरांनी माईचा ओटा लाल करून ठेवला. माईने "रांडेच्यांनो" म्हणून शिव्या दिल्या आणि नंतर त्यांनाच गुजिया वाटल्या. मी मागच्या अंगणात बसून होते. मला दार लावलेलं चालत नाही, हे तिला आता पाठ झालंय. परवा म्हणाली, "राहू दे उघडं. चोर आला तर त्यालाही पिठलंभात वाढू." ती असं बोलते तेव्हा मला हसू येतं, आणि हसू आलं की लगेच शरम वाटते.

पाडवा जवळ आला. शेजारच्या वासंतीकाकू चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करून गेल्या. बोलता बोलता त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. मी मोरीत जाऊन ओकले. काकूंना माईने सांगितलं, पोरीला पित्त झालंय. लोकांना वाटतं मी वाचले, म्हणजे मी बरी आहे. तुम्हालाही तसंच वाटतं का, हे मी कधी विचारलं नाही.

तात्या, संक्रांतीच्या दिवशी तुम्ही खातेगावच्या सभेत होता. म्हणून तुम्हाला जे माहीत आहे ते भैयासाहेबांनी सांगितलेलं आहे. मी तिथे होते.

आई गेल्यापासून आपल्या घरात सवाष्ण नाही. माई तर विधवा. म्हणून हळदीकुंकू माझ्या हातून करायचं ठरलं. तुम्ही माझी वेणी घालता घालता म्हणाला होतात, "सुमे, पुरुषांकडे मतं मागावी लागतात. बायकांना नुसतं कुंकू लावलं तरी पुरतं." मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी मैत्रिणींनाही सांगितलं होतं. पितळी फुलपात्रांची पोती आली, धर्मशाळा झाडून घेतली, आणि विठोबाकाकांच्या टांग्यावरून भोंगा देवासच्या धाकट्या पातीच्या भागात सगळीकडे फिरला, तात्यासाहेबांकडून प्रत्येक सवाष्णीला वाण आहे म्हणून.

विठोबाकाकांची बायको, यमुनामावशी, सकाळपासून माझ्या मदतीला होती. हळद आधी, कुंकू मग, वाण देताना पदर कसा धरायचा, सगळं तिने शिकवलं. तुम्हाला एक सांगते. यमुनामावशीला मत नव्हतंच. यादी करणारा कारकून आला तेव्हा लाजेने तिने नाव सांगितलं नाही, "इंदूची आई लिवा" म्हणाली, आणि अशी नावं पुढे गाळली गेली. तिच्याकडून आपल्याला काहीच मिळायचं नव्हतं. ती माझ्यासाठी आली होती, कारण इंदू माझी मैत्रीण आणि मला आई नाही.

मागच्या दाराने बायका परत आत येतील आणि दोनदा वाण नेतील, म्हणून ते दार लावून घ्यायचं आणि पुढच्या दारात मी उभं राहायचं, असं ठरलं होतं. ते कुणी ठरवलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. कुलूप मी लावलं. चावी माझ्या कमरेला होती.

मग गर्दी झाली. कुंकू लागल्याशिवाय बाहेर पडायला एकही बाई तयार नव्हती. सणासुदीचं रिकाम्या कपाळाने कोण उंबरा ओलांडणार? मी म्हणत होते, बाहेर व्हा, बाहेर ओट्यावर लावते. कुणी हलेना. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "खतम हो गया, बर्तन खतम!" आणि मागच्या सगळ्या जणी पुढे आल्या. ओरडण्यापेक्षा बांगड्या फुटण्याचा आवाज जास्त होता. मी खाली गेले. कुणाचा तरी गुडघा माझ्या खांद्यावर होता. चावी आहे, मागचं दार उघडायला हवं, हे मला कळत होतं आणि बोट हलवता येत नव्हतं.

यमुनामावशी तेव्हा बाहेर होती. तिला कुंकू लागलं होतं, तिचं वाण तिच्या हातात होतं, ती सुटली होती. ती परत आत आली. कशी आली ते मला समजलं नाही. तिने मला काखेत धरून खिडकीच्या कट्ट्यावर टाकलं आणि ओरडली, "गज धर! दोन्ही हातांनी धर!" माझ्या मुठीत एक फुलपात्र होतं. देता देता हातात राहिलेलं. मूठ उघडेना. तिने माझं एक एक बोट सोडवलं, ते फुलपात्र काढून घेतलं, आणि माझा हात गजावर ठेवला.

मी गजाला धरून वर राहिले. ती खाली राहिली.

बाहेर काढली तेव्हा तिच्याजवळ दोन फुलपात्रं सापडली. ती दुसऱ्या वाणासाठी परत आत शिरली, हे तुम्हीच पसरवलंत असं मी म्हणत नाही. लोक आधीपासून बोलत होते. पण दवाखान्यात तुम्ही मला स्वतःच्या हाताने पेज भरवलीत, माझे केस सारखे केलेत, रडलात, आणि मग विचारलंत, "कुणाशी काही बोललीस का?" मी नाही म्हटलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तुम्हाला किती बरं वाटलं, ते मला त्या हातातून कळलं.

आणि मग चौकातली सभा. मला झोळीत हात अडकवून मंचावर बसवलंत. भैयासाहेबांनी हार घातला. तुम्ही म्हणालात, हा घरातला धार्मिक समारंभ होता, एका बाईला दुसऱ्या वाणाचा मोह पडला आणि माझी पोर मरता मरता वाचली, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना ते 'हो' वाटलं. टाळ्या पडल्या. तात्या, मान खाली घालताना मला माहीत होतं की ती 'हो' सारखी दिसेल.

तुम्ही निवडून आलात. घरी पेढे आले. मी दोन खाल्ले.

इंदूने शाळा सोडली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पाण्याच्या माठापाशी मुली तिच्याकडे बघून म्हणतात, "दुसरंही दे गं." ती माझ्या वर्गातली पहिली येणारी मुलगी. मी देवासला असताना तिच्या घरी गेले नाही. धारला पाठवलंत तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.

गेल्या आठवड्यात विठोबाकाका इथे आले. इंदूरला मोटार बदलून, पत्ता विचारत विचारत. ओसरीच्या कडेला बसले. फडक्यात गुंडाळलेलं फुलपात्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"ताईसाहेब, ये आपका रख लो. एक तिचं हाय, ते घरात ठिवलंय. हे दुसरं तुमचं. इंदू म्हनते, घरात नको."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "एक बात पूछूं? तिनं दोन घेतली काय? इतकी वर्सं संसार केला, कधी कुनाच्या दारचं फूल तोडलं न्हाई. पन तुम्ही तिथं होता. तुम्ही हो म्हनलात तर मी मानीन. पोरीलाबी तसंच सांगीन."

मी म्हटलं, "काका, गर्दीत काय कळतं."

ते म्हणाले, "हां, वो तो है," आणि उठले. माईने पाणी आणलं होतं. ते त्यांनी घेतलं, पण प्यायले नाहीत, तुळशीला घातलं. ते गेल्यावर माई मला एवढंच म्हणाली, "तुझं पान वाढू, की आज जेवायचं नाही?" तिने सगळं ऐकलं होतं. मंचावर वाटली नव्हती इतकी लाज मला त्या वेळी वाटली. मंचावर निदान तुम्ही शेजारी होता.

भैयासाहेब काल आले ते मला शिकवायला. तुमची आज्ञा म्हणून. "बेटा, खोटं काही बोलायचं नाहीये. फक्त म्हणायचं, याद नहीं. डॉक्टरचा दाखला आहे, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. कोण काय म्हणणार?" ते इतकं प्रेमाने बोलत होते की मला वाईट वाटलं. मला सगळं आठवतं, हे त्यांनाही माहीत आहे. मला दुसरं काही आठवतच नाही. बीजगणित विसरले, आईचा आवाजही विसरत चाललेय, पण ती माझं कोणतं बोट आधी सोडवत होती, तेही मी सांगू शकते.

आता सकाळचं लिहिते.

साहेब ओसरीवर बसले, कारकून खाली सतरंजीवर, भैयासाहेब माझ्या मागे खुर्चीत. साहेब म्हणाले, "जितना याद है उतना बताओ, बेटी. घबराओ मत." भैयासाहेब खाकरले. मी फडक्यातलं फुलपात्र साहेबांपुढे ठेवलं आणि म्हटलं, हे माझं आहे, यमुनामावशीचं नाही. ती बाहेर पडली होती. ती माझ्यासाठी परत आली. हे तिने माझ्या हातातून काढून घेतलं म्हणून मी जिवंत आहे. सभेत मी मान खाली घातली, ती खोटी होती.

भैयासाहेब उठून बाहेर गेले. कारकुनाने सगळं लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. त्याची नक्कल विठोबाकाकांना मिळेल, असं साहेब म्हणाले. इंदूला मी वेगळं पत्र लिहिणार आहे. तिने उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षा नाही. मी माफी मागणार आहे, पण माफी मिळण्याजोगं मी काही केलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं बोलल्यावर पोरीला हलकं वाटलं असेल. नाही वाटलं. कारण त्यानंतर साहेबांनी विचारलं, "पीछे का ताला किसने लगाया?" मी म्हटलं, मी. त्यांनी विचारलं, "किसके कहने से?"

तात्या, मला बोलता आलं नाही. माईच्या घरच्या त्या उघड्या ओसरीवर, सगळं सांगून झाल्यावर, मी पुन्हा मान खाली घातली. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. मग कारकुनाने लिहिलं, 'उत्तर नहीं दिया.' यमुनामावशीच्या बाबतीत मी खरं बोलले आणि तुमच्या बाबतीत गप्प बसले, याची मला लाज वाटते. आणि बोलले असते तरी वाटली असती, हेही खरं. तुम्ही माझी वेणी घालत होता तेव्हा आपण दोघंही किती खुशीत होतो.

साहेब सोमवारी देवासला तुमच्याकडे येणार आहेत. तोच प्रश्न विचारतील. भैयासाहेबांना पुढे करू नका. विठोबाकाका बाहेर टांग्यापाशी उभे असतील, त्यांना आत बोलवा, आणि त्यांच्यासमोर सांगा.

मला उत्तर पाठवू नका. ते साहेबांना द्या.

मान खाली घातलेली,
तुमचीच
सुमंगला